पार्बतामावशीची साहेबी

अंगात रेल्वेचा काळा कोट, कोटाखाली निळं लुगडं, नाकावर एकाच काचेचा चष्मा आणि बसायला तांदळाचा पेटारा. असा साहेब त्या काळी गोंदियात एकच होता. दुपारची भांडी घासून झाली की तो अवतरायचा, आणि संध्याकाळची चूल पेटवायची वेळ झाली की कोट खुंटीला टांगून पुन्हा पार्बतामावशी व्हायचा.

या साहेबापुढं भल्याभल्यांची बोबडी वळलेली मी पाहिली आहे.

"नेम?" साहेब विचारायचा.

"टेकचंद."

"व्हाय?"

आता आपलं नाव टेकचंदच का, याचा विचार जगात कोणी केलेला असतो? पोरगा घाम पुसायचा, बापावर ढकलायचा, आजोबांना मध्ये आणायचा. मावशीला इंग्रजीचे तीनच शब्द येत: नेम, फादर आणि व्हाय. पण तिसरा शब्द तिनं असा धारेला लावला होता की तो एकदा गळ्याशी आला म्हणजे पुढं नागपूरचे खरे साहेब मामासारखे प्रेमळ वाटत. तिच्या हाताखालून गेलेली पोरं टपालात लागली, रेल्वेत लागली, तहसिलीत लागली. सणावाराला पेढे घेऊन येत आणि कोटाच्या पाया पडून जात.

आणि याच बाईवर पंचेचाळिशी उलटल्यावर स्वतःच नोकरी शोधायची पाळी आली. ती कशी आली आणि साहेबापुढं खुद्द साहेब गेला तेव्हा काय झालं, ते सांगायला मी बसलो आहे. पण त्याआधी तुम्हाला तिच्या पंगतीत बसवलं पाहिजे, नाहीतर मजा कळायची नाही.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातलं एक गाव. मी वऱ्हाडातून नगरपालिकेच्या शाळेत मास्तर म्हणून आलेलो, आणि दोन्ही वेळा मावशीकडं जेवणारा. तिची खानावळ स्टेशनामागच्या गल्लीत. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो तापानं गेला. मूलबाळ नाही. भाऊ जवळच्या कामठ्याला, चांगल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, असलेला. धान कापून झालं की तो दरवर्षी बैलबंडीत पोती टाकून यायचा आणि पोती उतरवता उतरवता तेच म्हणायचा, "बाई, चाल ना घरी. कायले परक्याची उष्टी काढून राहिली?"

मावशी पोती मोजायची नाही, भावाच्या तोंडाकडंही पाहायची नाही. म्हणायची, "तुह्या घरी मले भात भेटल रे. वाढायले कोन देईल?"

भावाला हे कधी कळलं नाही. मला कळायला दोन वर्षं लागली. मावशी जेवायची सगळ्यांच्या शेवटी, आणि जेवायची ती चिमणीएवढं. पण वाढताना तिचा चेहरा पाहावा. पळी हातात असली की ती एखाद्या संस्थानची राणी वाटायची.

साहेबीची सुरुवात झाली ती ताटात उरलेल्या भातापासून. बिरसीचा एक पोरगा नागपूरला मुलाखतीला निघालेला, आदल्या दिवशी गोंदियात मुक्कामाला आला. पंगतीत बसला, पण घास काही घशाखाली उतरेना. मावशीच्या ताटात अन्न उरणं म्हणजे तिच्या अब्रूला हात. ती पळी घेऊन त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"काऊन रे, मीठ जास्त झालं?"

"नाही मावशी. साहेब काय विचारते म्हनून भेऊन राहिलो."

"साहेब नाही म्हनला तं काय होते?"

"घरी जाईन."

"घरी काय आहे?"

"भात."

"अन् हे पुढ्यात काय आहे?"

"भात."

"मंग नोकरी लागली तं भात, नाही लागली तं भात. मंधात एका साहेबाले कायले भेतं? जेव."

पोरगा जेवला, गेला, लागला. आणि त्यानं बिरसीत जाऊन सांगितलं की गोंदियाला एक मावशी आहे, तिच्या हातचा भात खाल्ला की नोकरी लागते. झालं. तालुक्यातला प्रत्येक मॅट्रिक नापास त्या भातावर येऊन पडला.

मावशीला ही भाताची कीर्ती मुळीच आवडली नाही. उलट तिनं फर्मान काढलं की मुलाखतीच्या सकाळी भात मिळणार नाही. "भात मानसाले 'हो' म्हनायले लावते," ती म्हणायची. "साहेब म्हनल तुले काही येत नाही, हा म्हनल हो." त्या सकाळी ज्वारीची भाकर आणि लसणाचं तिखट. तिखटानं जीभ जागी राहते.

दुसरं फर्मान खिशांचं. तिच्या लक्षात आलं होतं की घाबरलेला माणूस साहेबानं दाखला मागितला की आधी वरच्या खिशात हात घालतो, मग खालच्या, मग पँटीच्या, आणि तोवर साहेबाचं मत होऊन जातं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ती सुईदोरा घ्यायची आणि पोराचे एक सोडून सगळे खिसे शिवून टाकायची. "भेलेल्या मानसाले चार खिसे पुरत नाही. एक ठेवला तं त्याले दुसरीकडं जागाच नाही धुंडायले." परत आला की ती टाके उसवून द्यायची. निकाल लागेपर्यंत न उसवता हिंडणारेही होते. त्यांतला एक न्हावी तर नोकरी लागल्यावरही शिवलेल्या खिशांनीच वावरायचा, म्हणायचा बायकोपासून बरं असतं.

आणि मग रंगीत तालीम. आम्ही नेहमीची गिऱ्हाइकं भिंतीला टेकून प्रेक्षक. पोरानं रस्त्यावर जायचं आणि दारातून आत यायचं. नुसतं आत येण्यात अर्धा तास जायचा.

"चोर येते का असा? पुन्हा जाय."

पोरगा छाती काढून यायचा.

"जावई आला वाटते. पुन्हा जाय."

शेवटी पोरगा दमून, कंटाळून, साध्या माणसासारखा आत यायचा. "हां," साहेब म्हणायचा. "आता बस. नेम?"

असं सगळं सुरळीत चाललं असताना राज्याच्या सीमा बदलल्या. आम्ही मध्य प्रदेशात निजलो आणि मुंबई राज्यात उठलो. इतरांना त्याचं काय वाटलं असेल ते असो, मावशीच्या खानावळीवर मोठंच संकट आलं. आजवर साहेब नागपूरचे नाहीतर जबलपूरचे असत. आता पुण्याकडचे येऊ लागले, आणि ते मराठीच बोलत, पण आमची मराठी त्यांना कळेना.

पहिला बळी आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावचा पोरगा. त्याला साहेबानं विचारलं, "सध्या आपण काय करता?"

"बापाची शेती पाहून राहिलो, साहेब."

"पाहून राहिलात? म्हणजे पाहायला गेलात आणि तिथंच राहिलात?"

"नाही साहेब. पाहूनच राहिलो."

"मग परत कधी आलात?"

पोरगा परत आला तो थेट मावशीकडं, रडवेला. खिसे उसवून घ्यायचंही त्याला भान नव्हतं. मावशीनं सगळी हकिगत दोनदा ऐकली आणि त्याच दुपारी कोट चढवला.

"आजपासून माह्या पंगतीत 'राहिलो' बंद. जाऊन राहिलो नाही, येऊन राहिलो नाही. जातो म्हना, येतो म्हना, आहे म्हना. जो चुकला त्याचं ताक बंद."

त्या आठवड्यात ताकाचा हंडा भरलेला राहायचा. आमच्याकडं 'राहिलो'शिवाय माणसाला शिंक देता येत नाही. मी मास्तर, व्याकरण शिकवणारा, मीही तीन दिवस कोरडा भात खाल्ला. शेवटी धीर करून म्हणालो, "मावशी, तू स्वतः तर उठताबसता म्हणतेस."

"मी साहेबापुढं जाऊन राहिली का?" ती म्हणाली आणि ताक घेऊन पुढच्या ताटाकडं गेली.

या फर्मानाचं सगळ्यात गुणी लेकरू म्हणजे टेकचंद. मघाशी ज्याच्या नावाला 'व्हाय' लागला तोच. तीन मुलाखतींत नापास झालेला, जीभ जड, पण सांगितलं ते पाठ करणारा. 'राहणे' हा शब्दच विषारी आहे असं त्यानं मनावर इतकं घेतलं की झोपेतही तो उच्चारत नसे. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत त्याला बोलावणं आलं. पुण्याचे साहेब. पहिलाच प्रश्न:

"आपण कुठे राहता?"

साहेब मुद्दाम सापळा लावतो आहे, हे टेकचंदनं ओळखलं. मान ताठ ठेवून तो म्हणाला, "आम्ही राहत नाही, साहेब."

"राहत नाही?"

"नाही, साहेब. आम्ही आहोत."

साहेबानं टाक खाली ठेवला. टेकचंदकडं निरखून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "वेदान्त कुणाकडं शिकलात?"

"वेदान्त नाही, साहेब. मावशीकडं जेवतो."

नोकरी लागली. साहेब म्हणे पुढं कित्येक दिवस कचेरीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, या भागात फार मोठी परंपरा दिसते. टेकचंदला मात्र ठाम वाटलं की आपण 'राहिलो' गिळला म्हणून लागलो. ही समजूत पुढं महागात पडली, पण त्याला नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता घरमालक शेठजी आले. माणूस भला. मावशीच्या हातची कढी प्यायले, दोनदा मागून घेतली आणि मग म्हणाले, "बाईजी, बुरा मत मानना. तेंदूपत्ते को गोदाम कम पड़ता है. दिवाली तक आराम से रहो."

म्हणजे दिवाळीनंतर इथं विडीच्या पानांचं गोदाम आणि खानावळ बंद. दुसरं घर पाहायला आम्ही सगळे गावभर फिरलो. कुठं चुलीचा धूर नको, कुठं विधवा नको, कुठं दोन्ही नको. कामठ्याच्या भावाला बातमी लागली आणि तो धान कापायच्या आधीच हजर. "आता तं चाल," म्हणाला. माजघराशेजारची खोलीही त्यानं सारवून ठेवली होती. मावशीनं त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. तो गेल्यावर ती रिकामी पळी हातात घेऊन कितीतरी वेळ बसून होती. तिला तसं बसलेलं आम्ही पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग टेकचंदनं कचेरीतून बातमी आणली. तिरोड्याला मुलींचं वसतिगृह निघतं आहे, तिथं देखरेखीला बाई पाहिजे. चौथी पास चालेल, राहायला खोली, मुलाखत गोंदियातच. मावशी कामठ्याच्या शाळेतून चौथी पास होती. आम्हाला वाटलं, नोकरी घरी चालत आली. अर्ज मी लिहिला. तयारी टेकचंदनं आपल्याकडं घेतली.

काय ती तयारी. टेकचंद कोट चढवून पेटाऱ्यावर बसला. मावशी रस्त्यावरून आत आली, पदर सारखा केला, उभी राहिली.

"आपलं नाव?" टेकचंद म्हणाला.

"पाठ सरळ कर आधी. असा पोक काढून बसते का साहेब?"

टेकचंदनं पाठ सरळ केली. "आपलं नाव?"

"तुले माहीत नाही?"

"मावशी, मी साहेब आहे."

"मंग साहेबासारखा विचार ना. पोटातून आवाज काढ. भूक लागली काय तुले?"

"थोडी लागली."

मावशीनं जाऊन त्याला मुरमुरे आणून दिले. साहेब मुरमुरे खात विचारू लागला, "अनुभव काय?"

"इतके साल तुमाले चारून राहिली, हा अनुभव नाही तं काय आहे?"

टेकचंदनं मुरमुऱ्यांची वाटी खाली ठेवली. "मावशी, तेवढं नको. बाकी काही बोल. पण ते 'राहिली' गीळ. माझी नोकरी त्यावरच लागली. तुझाच कायदा आहे."

मावशीचाच कायदा मावशीवर उलटला होता. आठवडाभर ती चुलीपाशी पुटपुटत होती. "मी जाते. मी येते. मी आहे." वरणाला फोडणी देतानासुद्धा.

मुलाखतीच्या दिवशी मी शाळेतून रजा काढली. टेकचंद होताच. कचेरीसमोर कडुनिंब होता, त्याखाली आम्ही दोघं. समोर ओसरीवर बाक, बाकावर पाच बायका आणि त्यांत मावशी, धुतलेलं लुगडं नेसून, कागद एका पिशवीत घट्ट. तिच्या शेजारी विशीतली एक पोरगी होती. तिचा एक कागद हातात, एक पदराच्या गाठीत, एक कुठं होता ते तिलाच सापडत नव्हतं. ती पदर सोडायची, बांधायची, वाकून बाकाखाली पाहायची. हात असे कापत होते की कागदाचा फडफडाट आम्हाला निंबाखाली ऐकू येत होता.

"टेकचंद," मी म्हणालो, "मावशी तिच्याकडं पाहते आहे."

"पाहू दे."

"अरे, पिशवीत हात घातला. सुई काढली."



आमच्या डोळ्यांदेखत मावशीनं त्या पोरीच्या पदराची गाठ सोडली, तिसरा कागद तिच्या थैलीतून शोधून तिन्ही एका कप्प्यात घातले, दुसऱ्या कप्प्याचं तोंड शिवून टाकलं आणि तिला विचारलेलं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, "साहेब नाही म्हनला तं काय होते?"

पोरीचं नाव मंजुळा. बोदलकसा गावची. बाप तलावावर मासे धरायचा, तो गेला. घरी आई आणि धाकटी भावंडं. सातवी पास. "नाही म्हनला तं," ती म्हणाली आणि तिथंच थांबली. तिच्या घरी भातसुद्धा नव्हता. मावशीचं हुकमी उत्तर तिथं लागू पडेना. मावशी उठून उभी राहिली.

"उठ. तिकडून चालत ये. साहेब मी."

मंजुळा ओसरीच्या टोकाला गेली आणि चालत आली.

"चोर येते का असा? पुन्हा जाय."

हळूहळू बाकावरच्या बाकीच्या बायकाही सरकल्या. दोघी मंजुळेमागं रांगेत उभ्या राहिल्या. चपराशी दारात होता, तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि मावशीजवळ येऊन म्हणाला, "बाई, हमारे लड़के का भी कुछ कर दो, तीन बार लौटा है." खऱ्या साहेबाचं दार सताड उघडं होतं आणि त्याच्या समोर, ओसरीवर, दुसराच साहेब दरबार भरवून बसला होता.

तेवढ्यात आतून घंटी वाजली. चपराशानं पुकारा केला, "पार्बताबाई!"

"थांबा जरासं," मावशी मागं न पाहता म्हणाली. "ही पोरगी तयार होऊन राहिली."

टेकचंदनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आत काय झालं ते तिनंच संध्याकाळी सांगितलं. साहेबानं विचारलं, अनुभव सांगा. तिनं सुरुवात केली, "मी खानावळ चालवून..." आणि पुढचा शब्द गिळला. साहेब वाट पाहत बसला. "पोरांना जेवू घालून..." पुन्हा गिळला. "त्यांची तयारी करून..." प्रत्येक वाक्याची शेपटी तिच्या पोटात. साहेब सभ्य होता. म्हणाला, "बाई, करून काय?" मावशीला दुसरं काही सुचेना. म्हणाली, "करून आहे." साहेबानं मान हलवली आणि बरं म्हणाला.

"तो पुढच्या शब्दाची वाट पाहून राहिला," मावशी चुलीत लाकूड सारत म्हणाली, "अन् मी तो शब्द गिळून राहिली. पोट भरलं माहं आज."

निकाल टेकचंदनंच आणला. मंजुळा.

"मावशी, काऊन केलं तू हे?" तो जवळजवळ रडत होता. "ती तुझी दुश्मन होती."

"दुश्मनाचे हात असे कापते काय?"

"पण नोकरी तुझी होती."

"असती तं लागली असती. ताट घे."

आणि तिनं त्याला ताक वाढलं. पण ती हरली होती, आणि तिलाही ते ठाऊक होतं. दिवाळी झाली. भावाला निरोप गेला. मोठे हंडे, परात, पितळी डबे अंगणात आले. भाऊ बंडी घेऊन आला, तोही आता समजावत नव्हता, मुकाट्यानं भांडी चढवत होता. आम्ही नेहमीचे सगळे मदतीच्या नावाखाली एकमेकांच्या पायांत येत होतो. मावशी एका बाजूला उभी, हात रिकामे. कामठ्याच्या सारवलेल्या खोलीत ती कशी बसेल हे मला दिसत होतं आणि मला ते पाहवत नव्हतं.

तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मंजुळा दिसली. गाडीतून उतरून तशीच धावत आलेली.

"मावशी," ती धापा टाकत म्हणाली, "पोरी येऊन राहिल्या. सैपाकाले बाई पाहिजे. साहेब म्हनले तूच पाहून ठेव. चाल."

बंडीवर चढवायचा हंडा भावाच्या हातात तसाच राहिला. आम्ही सगळे मावशीकडं पाहू लागलो. आता ती हो म्हणेल, पोरीला पोटाशी धरेल, आणि आम्ही डोळे पुसू, अशी आमची पूर्ण तयारी झाली होती.

मावशीनं पदर खोचला. "अशी नाही. मुलाखत घे."

"मावशी, काय म्हनतं तू."

"तुले मानसं ठेवायची आहे आता. आली अन् चाल म्हनली, असं साहेब करते काय? टेकचंद, पेटारा उतरव."

बंडीवर चढलेला पेटारा पुन्हा खाली आला. मंजुळेला त्यावर बसवलं. मावशी गल्लीत गेली आणि वळून आत आली. भाऊ हंडा धरून तसाच उभा.

"तुमचं नाव?" मंजुळा जमिनीकडं पाहत म्हणाली.

"डोळ्यात पाहून विचार."

मंजुळेनं मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज ठीक होता. "तुमचं नाव?"

"पार्बता."

"हे काम कायले पाहिजे तुमाले?"

हा तिचा स्वतःचा प्रश्न होता. मावशीनं तो तिला शिकवला नव्हता. मावशीनं भावाकडं पाहिलं, बंडीकडं पाहिलं, आणि या वेळी एकही शब्द न गिळता म्हणाली, "मले वाढायले पाहिजे. जलमभर वाढून राहिली, दुसरं मले काही येत नाही. बसून खाल्लं तं मी मरून जाईन, साहेब."

भावानं हंडा बंडीत ठेवला, दोरी धरली आणि बैलांना म्हणाला, "चाला बाप्पा, आपल्याले तिरोड्याची वाट धरा लागते." मंजुळेनं नोकरी दिली की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. मला वऱ्हाडातल्या शाळेत जागा मिळाली, निघण्यापूर्वी तिरोड्याला उतरलो. वसतिगृहात मंजुळा टेबलामागं बसली होती, बाई शोभत होती. मावशी आत आली, मला पाहिलं न पाहिलंसं केलं आणि टेबलासमोर हात जोडून उभी राहिली.

"बाईसाहेब, आज पोरींले भाजी कोनती?"

"तू म्हनशील ती कर ना, मावशी."

"मी म्हनून नाही चालत. हुकूम द्या."

मंजुळेनं जरा विचार केला, पाठ सरळ केली. "वांग्याची करा."

"बरं," मावशी म्हणाली आणि वळली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. चुलीवर मोठ्या पातेल्यात भोपळा शिजत होता, पार मऊ झालेला, उतरवायच्या बेताला आलेला.

"मावशी," मी म्हणालो, "हुकूम वांग्याचा झाला."

"सुंदर देते ना आता हुकूम?" मावशी झाकण ठेवत म्हणाली. "वांगे बाजाराच्या दिवशी आनीन."